मैदानातला आवाज

फेल्डहोवन, फेब्रुवारी २०२१

प्रिय सुयश, सप्रेम जयभीम.

तुमचे प्रशिक्षक ब्रँडहोर्स्ट यांना क्लबने काढल्याचं आज वाचलं. बारा वर्षं जर्मनीत फुटबॉल खेळलेला, मग तिथल्याच चार क्लबांनी काढलेला हा माणूस तुला न्यायला आला, तेव्हा मी विचारलं होतं, "तुम्ही माझ्या मुलाला काय शिकवणार?" ते हसले. "पाचवा क्लब मला काढेपर्यंत बरंच काही!" मग मी तुला म्हणालो, "शिक्षण सोडलंस तर मला बाबा म्हणू नकोस." तू गेलास.

तेव्हापासून रोज बुद्धवंदनेनंतर सर्वांचं मंगल चिंतताना मी ब्रँडहोर्स्टना मुद्दाम वगळत आलो.

रविवारी तुझा सामना पहिल्यांदा पाहिला, लॅपटॉपवर. करोनामुळे प्रेक्षक नव्हते, म्हणून मैदानातला शब्द न् शब्द ऐकू येत होता. तुझी पेनल्टी हुकली आणि तू गवतावर बसलास. ब्रँडहोर्स्ट कडेवरून ओरडले, "ऊठ पोरा, मी आहे इथे!"

आता ते तिथे नसतील. म्हणून तेच वाक्य तुला लिहायला बसलो. पण करोनाआधी मैदानाची दारं उघडी होती, तेव्हा ते दर सामन्याला माझ्यासाठी तिकीट पाठवायचे. मी एकदाही आलो नाही. आता कोणत्या तोंडाने लिहू?

तुझा बाप,
राजानंद