टूररची टकटक

मैलापूर, मद्रास, १२ जानेवारी १९५८
शेजारच्या सेतुमाधवरावांच्या लेकीचं, तुळसीचं लग्न ठरलं. इथे आदल्या संध्याकाळी नवरदेवाला उघड्या गाडीतून नागस्वरमच्या गजरात मिरवत आणतात. गाडी अर्थात माझी जुनी, उघड्या टपाची टूरर. तुळसी परकरात होती तेव्हाच तिला शब्द दिला होता, तुझा नवरा माझ्या गाडीतून येईल. पोरगी विसरलेली नाही.

१४ जानेवारी
सेतुमाधवरावांना इंजिन चालू करून दाखवलं. म्हणाले, गाडी बरी आहे, पण ही टकटक आदितालात बसत नाही, नागस्वरमवाला चुकेल. तंजावरची माणसं. जन्म गाण्याच्या कच्चेऱ्या ऐकण्यात गेला, इंजिन कधी ऐकलं नाही.
संकल्प: लग्नाआधी टकटक बंद. गॅरेजला नेणार नाही. स्वतः करणार.

१९ जानेवारी, रविवार
आठही व्हॉल्व्ह काढले. काजळी खरवडली, पेस्ट लावून एकेक आपापल्या जागी घासून बसवला. हाताला फोड. मध्यंतरी व्हॉल्व्ह ओळीने ठेवायला इडलीचा साचा घेतला होता. जयवंती सकाळपासून नवऱ्याशी बोलत नाही. म्हणजे शांततेची सुरुवात घरातूनच झाली.

२१ जानेवारी
मूळ सापडलं! व्हॉल्व्हची दांडी आणि तिला खालून ढकलणारा टॅपेट यांच्यात फट असते. तीच वाजते. फट बुजवली की खेळ खलास.
जयवंतीने गाडीचं मॅन्युअल काढून वाचून दाखवलं: पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवावीच. मी सांगितलं, पुस्तक विलायतेतलं आहे. तिकडे थंडीने लोखंड आकसतं, म्हणून फट. मद्रासला थंडी कुठे आहे? तर विचारते, मग गरमीने लोखंड काय करतं? नसत्या शंका.

२६ जानेवारी
सगळ्या फटी बंद. इंजिन चालू केलं. टकटक नाही! सेतुमाधवरावांना हाताला धरून आणलं. त्यांनी बॉनेटला कान लावला आणि विचारलं, चालू आहे का? आयुष्यात यापेक्षा मोठी पावती मिळालेली नाही. लगेच बंद केलं. पेट्रोल का जाळा?

५ फेब्रुवारी, सकाळ
आज मिरवणूक. जयवंती म्हणते, एकदा समुद्रापर्यंत फेरी मारून बघा. मुळीच नाही. तुळसी स्वतः येऊन बॉनेटला हार घालून गेली. म्हणाली, काका, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. छाती भरून आली.

७ फेब्रुवारी
परवा देवळाच्या तलावापर्यंत गाडी उत्तम. मग इंजिन तापलं आणि जास्तच शांत झालं. व्हॉल्व्हच्या दांड्या तापून लांबल्या, फट नाही, व्हॉल्व्ह मिटेनात. मिरवणुकीचा वेग फार कमी होता, हे खरं कारण.
मी स्टीअरिंग सोडलं नाही. नवरदेव उतरला आणि हार सावरत मागून ढकलू लागला. वरातीतले चार काकाही लागले. सेतुमाधवराव शेजारून मांडीवर ताल धरत चालले होते. म्हणाले, आता गाडी अगदी तालात आहे.
मंडपाच्या दारात तुळसी उभी. तोंड कुठे लपवू असं झालं. तिने घामाघूम नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, काका, दमला असाल, आधी कॉफी घ्या. रागावली असती तर बरं झालं असतं.
गाडी अजून मंडपासमोरच आहे. आज सकाळी जयवंतीने इडल्या केल्या आणि बशीशेजारी एक कोरं पोस्टकार्ड ठेवलं.
त्यावर पुण्याला दादाला लिहून टाकलं: लग्न थाटात झालं. गाडीचा आवाजसुद्धा आला नाही.