टोपीला लावलेला चष्मा

रविवार, नेरूळ. दिवेलागण झाली तरी डोकं तापलेलंच.

प्राचीच्या लग्नाचे फोटो आज ग्रुपवर आले. तिची आई, म्हणजे माझी धाकटी जाऊ सुलभा, लिहिते, "बघा, मोठे भाऊजी किती छान दिसतायत!" छान? ह्यांच्या डोक्यावरची टोपी गायब, चष्मा गायब, आणि उजव्या बाजूला चक्क कान! ऑपरेशनमध्ये गेलेला कान फोटोवाल्याने कॉम्प्युटरवर लावून दिला.

कानच नाही तर चष्मा टिकणार कशावर? म्हणून तर मी टोपीच्या कडेला दोन चिमटे शिवले, त्यांत चष्म्याच्या काड्या अडकवल्या. जुईनगरच्या हॉलमध्ये सुलभा म्हणालीच होती, "फोटोपुरती टोपी काढा ना." हे म्हणाले, "काढली तर प्राची दिसणार नाही मला." तेव्हा "राहू दे मग" म्हणाली. आणि मागाहून हा उद्योग!

कान लावला म्हणे! कोणी मागितला होता? आजार ह्यांनी सोसला आणि लाज हिला वाटते?

ह्यांना फोटो दाखवला. टोपी सारखी करून फोन डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "प्राचीशेजारी हा कोण उभा आहे?"

मला राहवेना. ग्रुपवरच लिहिलं, "खरा फोटो पाठवा. हा माणूस आमच्या घरातला नाही." सुलभाचा फोन आला, मी उचलला नाही. थोड्या वेळाने प्राचीने खरा फोटो पाठवला, टोपी-चष्म्यासकट. खाली एवढंच लिहिलं होतं, "काकू, फ्रेम याचीच करायला दिलीय."