ओव्हर द्यायची राहिली

तीर्थरूप वन्सं यांना धाकट्या भावजयीचा साष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नाही, तेव्हा आठांतली चार-पाच अंगं पोचली असं समजावं.) तुमचं बीपी कसं आहे? गोळी रोज घेता, की बरं वाटलं की डबीत परत ठेवता? खरं सांगणार नाही हे ठाऊक आहे. चौतीस वर्षं मी पेशंटचं खोटं ऐकण्याचाच पगार घेतला. आमच्याकडे सगळे मजेत. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. घरात कुठल्याही कोपऱ्यात फोनवर बोललं तरी तुमच्या बंधुराजांना ऐकू जातं. "औषध घ्या" हे मात्र शेजारी बसूनही ऐकू जात नाही.

माझ्या निवृत्तीचं विचारलं होतंत. झाले, रीतसर झाले. समारंभ जेवणाच्या सुट्टीत ठेवला होता, एक ते सव्वा. चौतीस वर्षांना पंधरा मिनिटं, म्हणजे तसं उदारच म्हणायचं. मोठ्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या विभागातल्या माझ्या प्रदीर्घ सेवेबद्दल अगदी गहिवरून आभार मानले. त्या विभागात मी एकदाच गेले होते, चष्म्याचा नंबर काढायला. मेट्रनबाई म्हणाल्या की सिस्टरांशिवाय वॉर्ड चालणं अवघड आहे. सबंध समारंभात तेवढं एकच वाक्य खरं होतं, पण भाषणातलं असल्यामुळे त्यावर कुणी काही करायचं नसतं. भेट म्हणून गजराचं घड्याळ दिलं. आता उठायचं कशाला, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

पण खरा घोटाळा त्यानंतर झाला. तुम्हाला माहीत नसेल, आमच्यात ड्यूटी संपली म्हणून कुणी उठून घरी जात नाही. आधी ओव्हर द्यायची. म्हणजे पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला घेऊन एकेका कॉटपाशी उभं राहायचं, याला काय झालंय, काय दिलंय, काय द्यायचं राहिलंय, कोण ताप लपवतो आणि कोणाचा मुलगा डॉक्टरांशी भांडतो, सगळं सांगायचं. शेवटी ती "घेतली" म्हणते. तिने "घेतली" म्हटल्याशिवाय घराला आग लागली तरी हलता येत नाही. (तुमच्या भाच्याच्या बारशाला मी दोन तास उशिरा आले, बाळ माझंच असून. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी विसरले आहे, असं मी सगळ्यांना सांगते.) तर शेवटच्या दिवशी मी ओव्हर द्यायला उभी राहिले आणि समोर कुणीच नाही. माझ्या जागी माणूस नेमायचा कागद वर गेलाय म्हणे, अजून खाली आलेला नाही. मेट्रनबाई म्हणाल्या, लिहून ठेवा. मी चाळीस कॉटचं अकरा पानं लिहून ठेवलं. वही काही "घेतली" म्हणत नाही. तशीच घरी आले, ओव्हर न देता.

घरी तुमच्या बंधुराजांनी स्वागताची जय्यत तयारी केली होती. पोस्टातून सुटून त्यांना चार वर्षं झाली, आणि चार वर्षं हा माणूस माझ्या निवृत्तीचे दिवस मोजत बसला होता. फिरायला जाण्यासाठी सारख्या रंगाचे बुटांचे दोन जोड, भिंतीवर वेळापत्रक, डोंगरावरच्या एका गावी जायची तिकिटं. वर माझ्याकडून वचनही घेतलं की यापुढे हॉस्पिटलची पायरी चढायची ती पेशंट म्हणूनच. मी दिलं. ते चौतीस वर्षं दुपारचे एकटेच जेवलेत, तेव्हा नाही म्हणायला तोंड नव्हतं. हे मी थट्टेत लिहीत नाही.

पण वन्सं, सवय कुठे जाते? तिसऱ्या दिवशी भाजी आणायला निघाले आणि दारात उभी राहून त्यांना सांगू लागले की दूध मंद आचेवर आहे, मोटर दहा मिनिटांनी बंद करायची, खिडकीतल्या मांजराला हाकलायचं नाही, ते रोजचंच आहे. ते हो म्हणाले. मी हलेना. "घेतली म्हणा" असं म्हटल्यावर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. त्यात शेजारपाजारचा उत्साह. मी आता मोकळी आहे हे बिल्डिंगभर झालं, आणि ज्यांनी चौतीस वर्षांत "कशा आहात" विचारलं नाही ते दंडाला पट्टा बांधून घ्यायला सकाळी आठपासून हजर. वरच्या मजल्यावरच्या काकांनी तर लिफ्टमध्येच शर्ट वर करून पाठीवरचं गळू दाखवलं, भाजीवालीसकट सगळ्यांना. शेवटी बंधुराजांनी दारावर "आम्ही झोपलो आहोत" अशी पाटी लावली. तर समोरच्या बाई बेल वाजवून विचारायला आल्या, की दिवसा झोपताय, तब्येत बरी आहे ना?

आठव्या दिवशी पेन्शनचा कारकून म्हणाला, हयातीचा दाखला आणा. मी त्याच्यासमोर उभी होते, त्याच्याशी भांडत होते, तरी त्याची खात्री पटेना. दाखला मिळतो हॉस्पिटलच्याच ऑफिसात, म्हणजे पायरी चढणं आलं. वचन मोडलं असं म्हणू नका, सरकारी काम होतं. वॉर्डावरून जाणं तर वाटेतच. (वाट जरा लांबची घेतली.) आत पाहते तो चाळीस कॉट आणि मध्ये एकटी छोटी. छोटी म्हणजे दुसऱ्या वॉर्डातून तात्पुरती पाठवलेली, नुकतीच परीक्षा पास झालेली मुलगी, टोपीसुद्धा अजून डोक्यावर बसायला शिकलेली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी, आणि नऊ नंबरच्या आजी तोंड मिटून बसलेल्या. आठ दिवस त्या गोळ्या थुंकताहेत. त्या गणिताच्या बाई होत्या हो. कुठली गोळी कशासाठी ते सांगितल्याशिवाय घेत नाहीत, आणि सांगितलं की दोनदा तपासून घेतात. हे माझ्या वहीच्या चौथ्या पानावर लिहिलेलं होतं. वही कुठे आहे म्हणून विचारलं, तर ड्यूटी रूममधलं टेबल डुगडुगत होतं म्हणून कुणीतरी पायाखाली घातली होती. टेबल आता अजिबात हलत नाही. माझ्या अनुभवाचा हॉस्पिटलला शेवटपर्यंत आधार राहिला.

मग मी पदर खोचला आणि छोटीला घेऊन कॉट एकपासून सुरुवात केली. दीड तास लागला. आजींनी गोळ्या घेतल्या, एक चूकही काढली. चाळिसाव्या कॉटपाशी मी थांबले आणि छोटीकडे पाहिलं. ती म्हणाली, "घेतली, सिस्टर. पण मला एकटीला नाही हो जमणार."

तर वन्सं, असं झालं. ओव्हर दिली, तिने घेतली, माझी जबाबदारी संपली. आता मी खरोखरच मोकळी झाले आणि फार सुखात आहे. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गोळी चुकवू नये.

तुमची,
भावजय

ता. क. मी येत्या सोमवारी महिनाभरासाठी तुमच्याकडे राहायला येत आहे, असं मी इथे सांगितलं आहे. तुमचे दोन्ही गुडघे आखडले आहेत. कृपया आखडलेले ठेवावेत.

दुसरा ता. क. मी येणार नाही. मेट्रनबाईंनी नवीन माणूस येईपर्यंत या म्हणून सांगितलंय, आणि छोटीच्या खोलीत एक कॉट रिकामी आहे. घरापासून पंधरा मिनिटांवर लपून बसायला लाज वाटते, पण दिलेलं वचन त्यांच्या तोंडावर मोडण्यापेक्षा ही बरी. तुमच्या भावाचा फोन आला तर मी अंघोळीला गेले आहे म्हणावं. दिवसातून दोनच अंघोळी सांगाव्यात.

तिसरा ता. क. (अक्षर बदललं आहे, घाबरू नकोस.) ताई, हिने पाकीट टाकायला माझ्याकडेच दिलं. हातात घेतल्याबरोबर कळलं की याला एक तिकीट पुरणार नाही. नोकरीच्या सबंध काळात मी परक्याचं पत्र कधी उघडलं नाही. हे काही परक्याचं नव्हे. तू तिला एवढंच कळव की तुझे गुडघे बरे झाले, येण्याची गरज नाही. ड्यूटीला घरूनही जाता येतं. डोंगरावरची तिकिटं मी पुढे ढकलून आलोय, आणि दुपारचा डबा घेऊन वॉर्डात जायचं ठरवलंय. तिथे बसून दोघांनी जेवायला काही हरकत नसावी.