मंडळातलं माझं उलटं बीपी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. भाऊजींनाही सांग. त्यांचा गुडघा कसा आहे, जिना चढतात की अजून खालूनच हाका मारून सगळं मागवतात, भाचीचं नव्या नोकरीत बस्तान बसलं का, तुझी सर्दी गेली का, हे सगळं सविस्तर कळव. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचल्यावर ते वाक्य तूच खोडशील.

तू मागच्या पत्रात विचारलं आहेस की ज्याला बारा वर्षांचा होईपर्यंत संडासात जाताना बहीण दाराबाहेर उभी लागायची, आणि ती पळून गेलेली नाही हे कळावं म्हणून जो तिला मोठ्याने पाढे म्हणायला लावायचा, तो माणूस पंचेचाळिशीत भुताखेतांचे सिनेमे बघणाऱ्या मंडळात कसा काय शिरला. (दहा वर्षांचा होईपर्यंत. बारा नव्हे. आणि एकोणीसचा पाढा तू दर वेळी चुकवायचीस, मी आतून काही बोलायचो नाही एवढंच.) उत्तर सोपं आहे. दुकानात चष्मा करायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने मंडळाबद्दल सांगितलं, मी म्हटलं वा, मला असल्या सिनेमांचं भारी वेड आहे, आणि पुढच्या रविवारी जाऊन बसलो. घरात बसून कुजू नकोस, चार माणसांत जा, असं तूच सांगत असतेस. आता आठ महिने झाले आणि ते लोक मला काढून टाकायला निघाले आहेत. मला निघायचं नाही. काही झालं तरी निघायचं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मी मंडळाच्या नावाने बोटं मोडीन तेव्हा तुझा गैरसमज होणार नाही.

मंडळ म्हणजे आम्ही पाच जण. शिंप्याच्या दुकानावर त्याची शिवणाची खोली आहे, तिथे रविवारी दुपारी तीनला जमतो. खिडक्यांना अस्तराचं काळं कापड टाचून अंधार करायचा, कापड बेतायचं लांबलचक टेबल बाजूला सरकवायचं आणि भिंतीवर चादर ताणून नुकताच आलेला एखादा भयपट बघायचा. खोलीत मुंडकं नसलेले चार पुतळे अर्धवट शिवलेले कोट घालून उभे असतात (पहिल्या रविवारी मी त्यातल्या एकाला ‘जरा सरकता का’ म्हणालो होतो, ते अजून ऐकवतात), आणि खुर्चीत बसण्याआधी टाचण्या चाचपून बघाव्या लागतात. मंडळात आजवर ज्या खऱ्या किंकाळ्या ऐकू आल्या त्या सगळ्या टाचण्यांमुळे.

सिनेमा संपला की मतं. ताई, ही मतं ऐकून माझे कान किटले आहेत. अध्यक्ष आहेत भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांचं म्हणणं, हल्लीच्या भुतांना कामाची शिस्त नाही. दोन तास एक बाई खिडकीतून बाहेर बघत बसते, नळ ठिबकतो, भिंतीवरचा ओलावा वाढत जातो, आणि शेवटी कळतं की भूत नव्हतंच, ते तिचं मनातलं दुःख होतं. दुःखच बघायचं तर एवढा जिना चढून कशाला यायचं, ते घरी आहे, असं मास्तर म्हणतात आणि दर वेळी तेवढ्याच जोराने टेबलावर हात आपटतात. दुसरे लिफ्टवाले, म्हणजे लिफ्टची दुरुस्ती करतात ते. गेल्या महिन्यात आम्ही माणसं गिळणाऱ्या लिफ्टचा सिनेमा बघितला. त्यात लिफ्ट बावीस वेळा कोसळते आणि बावीसही वेळा लिफ्टवाले अंधारात उभे राहून ‘अशी नाही पडत’ म्हणून ओरडले. मध्यंतरात त्यांनी आम्हाला ब्रेक कसा लागतो ते दोन खुर्च्या आणि शिंप्याचा मोजपट्टा घेऊन दाखवलं. शिंप्याला भूत दिसतच नाही, त्याला कपडे दिसतात. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या नवरीच्या झग्याला पाठीला चेन होती म्हणे, आणि ओढल्यावर बाही नेमकी शिवणीवर फाटली, जी कधीच फाटत नाही. हे त्याला इतकं लागलं की तो दोन दिवस नीट जेवला नाही. राहिल्या नर्सबाई. त्या बिस्किटं खात शांतपणे बघतात आणि म्हणतात की रक्त इतकं पातळ नसतं आणि पोटात सुरा असलेला माणूस जिना चढत नाही, बसतो. पडद्यावर काहीही झालं तरी त्या दचकत नाहीत, फक्त सिनेमात फोन वाजला की दचकतात. दवाखान्यात इतकी वर्षं काढल्यावर फोनचंच भय उरतं, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. मी आपला शेवटी, वातावरण चांगलं जमलंय, आवाजाचा वापर उत्तम आहे, एवढं सांगून गप्प बसतो.

आता खरं दुखणं. बोलणाऱ्या बाहुलीच्या एका सिनेमावरून मास्तर आणि लिफ्टवाले यांच्यात कडाक्याचं वाजलं. एकाला तो भयंकर वाटला, दुसऱ्याला भिकार. दोन रविवार दोघं एकमेकांशी पुतळ्यांमार्फत बोलत होते. शेवटी नर्सबाईंनी वैतागून बीपी मोजायचं यंत्र आणलं आणि म्हणाल्या, भीती वाटली की नाही ते तोंडाला विचारू नका, याला विचारा. त्या थट्टेत म्हणाल्या असणार. पण मास्तरांनी त्याचा नियमच केला. सिनेमाआधी प्रत्येकाचं बीपी मोजायचं, सिनेमानंतर पुन्हा मोजायचं, जेवढी वाढ तेवढे गुण, पाच जणांची बेरीज भागिले पाच, आणि आलेला आकडा शिंप्याच्या तपकिरी कागदावर कायमचा लिहायचा. आधीचं मोजमाप नर्सबाई करतात. त्यांची संध्याकाळची पाळी असते, सिनेमा संपल्या संपल्या स्वतःचं तेवढं मोजून त्या निघतात, म्हणून आम्हा बाकीच्यांचं नंतरचं मोजमाप लिफ्टवाल्यांकडे आहे. त्यांना बाईंनी शिकवलं आहे. (ते फुगा असा दाबतात की मला दर वेळी वाटतं आता आपण जमिनीवरून उचलले जाणार.)

पहिल्याच रविवारी माझं सिनेमाआधी भरलं एकशे साठ आणि नंतर एकशे बावीस. उणे अडतीस. आधी सगळ्यांना वाटलं यंत्र बिघडलं. पुढच्या रविवारी उणे चाळीस. तिसऱ्या रविवारी असा सिनेमा होता की मास्तरांना मध्येच टेबलावर आडवं करावं लागलं, आणि मी पुन्हा उणे अडतीस. त्या सिनेमाचा हिशोब बघ. मास्तर अठरा, शिंपी बारा, लिफ्टवाले वीस (हे सगळे रागाचे), नर्सबाई आठ, मिळून अठ्ठावन्न. त्यातून माझे अडतीस गेले, उरले वीस. भागिले पाच, चार. वर्षातल्या सर्वांत भयानक सिनेमाला चार गुण! मागे चुकून स्वयंपाकाचा एक माहितीपट लागला होता, त्यालासुद्धा सहा पडले होते, कारण मास्तर उपाशी आले होते.

तेव्हापासून माझ्याकडे बघायची सगळ्यांची नजर बदलली आहे. मास्तरांनी निष्कर्ष काढला आहे की माणसांची मुंडकी उडताना बघून मला विश्रांती मिळते. शिंपी आता मी जिन्यावर दिसलो की मोठी कात्री खणात ठेवतो. लिफ्टवाल्यांनी मला बाजूला घेऊन, तुमचे शेजारी सगळे ठीक आहेत ना, असं विचारलं. ताई, ज्या माणसाला दोरीवर वाळत घातलेला रेनकोट बघून ताप आला होता त्याच्याबद्दल हे बोलतात! एकट्या नर्सबाईंना काळजी वाटते ती आधीच्या आकड्याची. त्यांनी मीठ सोडायला सांगितलं. तीन आठवडे मी अळणी जेवतोय. तोंडाची चव गेली, स्वभावाची आधीच गेली होती, आणि गेल्या रविवारी आधीचा आकडा झाला एकशे सहासष्ट. लगेच मास्तरांनी नोटीस लिहून हातात ठेवली, नकाशातल्या नद्यांची नावं लिहावीत तशा अक्षरात. येत्या रविवारी पुन्हा उणे आलं तर मंडळातून नाव कमी.

बाईंनी बजावल्यामुळे डॉक्टरकडेही जाऊन आलो. तिथे भरलं एकशे बावीस. त्यांनी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच. मी म्हटलं रविवारी दुपारी तीनला मात्र एकशे साठ असतं. त्यांनी विचारलं, मोजतं कोण? मी सांगितलं. ते हसायलाच लागले, आणि मीठ खा म्हणाले. फी घेऊन वर हसणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघितला.

तर विनंती अशी की तू मला एक दाखला लिहून पाठव. ‘मी यास जन्मापासून ओळखते, हा स्वभावाने अत्यंत घाबरट असून लोकांच्या हालअपेष्टांनी यास सुख होत नाही’ असं स्वच्छ लिही. पाढे घाल, रेनकोट घाल, कपाटातल्या पतंगाला भूत समजून किंचाळलो होतो ते घाल, लाज धरू नकोस. खाली साक्षीदार म्हणून भाऊजींची सही घे. रविवारच्या आत मिळायला हवा.

घरातल्या मोठ्यांच्या पाया पडतो. लहान आता तुमच्याकडे कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांच्यासाठीचे आशीर्वाद माझ्याजवळच ठेवतो.

तुझा,
धाकटा

ता. क. : दाखल्यात घालू नकोस, पण तुला म्हणून सांगतो. या आठ महिन्यांत मी एकही सिनेमा बघितलेला नाही. अंधार झाला की मी चष्मा काढून खिशात ठेवतो. माझा नंबर मायनस सात, त्यामुळे समोर नुसती धुतलेली चादर हलताना दिसते. तिला कोण घाबरणार? वर जी मतं लिहिली आहेत ती मला ऐकून पाठ आहेत. आवाजाचा वापर मात्र खरंच उत्तम असतो.

आणखी एक ता. क. : चष्मा करायला आलेलं गिऱ्हाईक म्हणजे नर्सबाई. हे मी वरच लिहायला हवं होतं, पण तुझा चेहरा डोळ्यासमोर आला. दर रविवारी त्या माझी बाही वर करतात, पट्टा गुंडाळतात, कोपरापाशी दोन बोटं ठेवतात आणि ‘श्वास सोडा’ म्हणतात. मला सुटत नाही. हे डॉक्टरला एका मिनिटात कळलं, मला तीन आठवडे आणि सगळं मीठ लागलं. मंडळात सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. मी आठ महिने नुसतं ‘अहो’वर भागवतोय. त्यांचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. चष्म्याचा स्क्रू सैल झाला म्हणून त्या तीनदा दुकानात आल्या, तीनदाही मी तो नुसता घट्ट करून दिला. नाव कमी झालं तर त्या मला दिसणार कुठे? स्क्रू तर मी इतका पक्का बसवलाय की दहा वर्षं निघणार नाही. तर दाखला राहू दे. तूच ये. तू आणलेली अकरा स्थळं मी परत पाठवली, त्याबद्दल काय बोलायचं ते गाडीतून उतरल्या उतरल्या बोलून घे. पण शनिवारपर्यंत ये, आणि त्यांना तू विचार. माझ्याच्याने होणार नाही.

शेवटचा ता. क., बुधवार : पाकीट चिकटवलं नव्हतं ते बरं झालं. आज सकाळी अकराला नर्सबाई दुकानात आल्या. डॉक्टरांचा कागद दाखवा म्हणाल्या. दाखवला. त्यांनी एकशे बावीस वाचलं, पुन्हा वाचलं, आणि विचारलं, “मग माझ्याकडेच एकशे साठ का येतं?” मला उत्तर येत होतं, पण मी टेबलावरची फ्रेम पुसत राहिलो. त्यांनी पिशवीतून यंत्र काढलं, पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला, नळ्या माझ्या कानात घातल्या आणि फुगा माझ्या हातात दिला. कसं मोजायचं ते सांगितलं. मी मोजलं. ताई, मला त्यांचे ठोके ऐकू येत होते, आणि आकडा आला एकशे चोपन्न. त्या म्हणाल्या, “माझं एरवी एकशे दहा असतं. मास्तरांना सांगू नका.”

रविवारी आम्ही मंडळात जाणार नाही. मास्तर आनंदाने नाव कमी करोत. बाईंनी थिएटरची दोन तिकिटं काढली आहेत, भुताचा नवा सिनेमा आहे, फार भयंकर आहे म्हणतात. जाताना दारातून वळून म्हणाल्या, “आणि या वेळी चष्मा डोळ्यांवर ठेवायचा. आठ महिने बघतेय मी.”

ताई, मला फार भीती वाटतेय. तू येच.