खालचा मजला आणि भिंगरीची जागा

मी, खाली सही करणारी, तळमजल्यावरच्या बालवाडीची बाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल तसा दाखला द्यायला ते तयार नाहीत. पुढच्या आठवड्यात ते उघडून बघणार आहेत. सबब ही घाई. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मुलांची नाके पुसण्यातून वेळच मिळाला नाही.

कलम १. बँकेतली शिल्लक, दागिने व माझ्या नावचा फ्लॅट माझ्या एकुलत्या एका मुलाला द्यावा. मुलगा गुणी आहे, रोज फोन करून औषधे घेतली का विचारतो. त्याच्याबद्दल तक्रार एकच, ती कलम ४ मध्ये येईल.

कलम २. वाळूचा ट्रे, कान झाकायचे हेडफोन, मांडीवर ठेवायची जड उशी आणि भिंतीवरची चित्रांची पट्टी माझ्या मदतनीस मुलीला. पट्टीवर बूट, वाळू, डबा, घर अशी दिवसाची चित्रे क्रमाने लावलेली आहेत. एक काम संपले की ते चित्र मुलाने स्वतः काढायचे, मगच पुढचे काम. पट्टी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायची, पाहुण्यांच्या नव्हे. मदतनीस हुशार आहे, पण "चल चल, आटप" म्हणायची तिची खोड जात नाही. मी नसताना तिला कोण टोकणार, या विचाराने माझी झोप उडते.

कलम ३. पितळी घंटा पलीकडच्या गल्लीतल्या मोठ्या बालवाडीच्या संचालिकाबाईंना. त्यांनी भिंगरीला पंधरवड्यात परत पाठवले. भिंगरी चार वर्षांची आहे, अजून बोलत नाही, स्वतःभोवती गरगर फिरते. हे लाडाचे नाव तिच्या आईनेच ठेवले आहे. "आधी एका जागी बसायला शिकवा, मग आणा," असे संचालिकाबाईंनी त्या आईला सगळ्या पालकांसमोर सुनावले. घंटेच्या आवाजाने भिंगरी टेबलाखाली जाते, म्हणून आमच्याकडे ती वाजवत नाही. बाईंनी तिकडे मनसोक्त वाजवावी.

कलम ४. आता खालचा मजला, म्हणजेच शाळा. तो मुलाच्या नावे करायचा असेच ठरले होते. पण तो म्हणाला, "आई, शाळा मी बंद नाही करणार. चांगली बाई ठेवू. फक्त त्या तशा मुलांना आपण कशाला घ्यायचं? त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा असतात ना?"

वेगळी शाळा दूर आहे आणि इतक्या लहान मुलांना घेतच नाही. भिंगरीची आई रोज शाळा सुटेपर्यंत आमच्या पायरीवर बसून राहते. कधी आत बोलावून 'घेऊन जा' म्हणतील या धास्तीने ती घरी जात नाही. मी वकिलांना म्हटले, मुलाला अट घाला. ते म्हणाले, "अट घालता येईल बाई. पण ती पाळली जातेय का, हे बघायला तुम्ही नसणार."

सबब खालचा मजला व शाळेचा सर्व कारभार मी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या नणंदेला देत आहे.

हे वाचून नातेवाइकांच्या भुवया उंचावतील. आमचे पटत नाही हे जगजाहीर आहे. मुले गाऊ लागली की वन्सं वरून काठी आपटतात. एरवी तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात. पण गेल्या महिन्यात मला तपासणीला जावे लागले आणि मदतनीस एकटी पडू नये म्हणून त्यांना खाली बसवावे लागले. दिवसभर माझा जीव टांगणीला होता. धावतपळत परत आले तर भिंगरी वन्संच्या पायाशी बसलेली, एक पाय त्यांच्या मांडीवर.

"काय केलंत, वन्सं?"

"काही नाही. तिने बूट आणून दिला, मी घातला."

"तुम्ही बोलावलंत तिला?"

"कशाला? ती येणारच होती की."

भिंगरीने तोवर कोणाकडे काही मागितले नव्हते. त्यासाठी मी वर्षभर जिवाचे रान केले होते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो मत्सर, आणि तो अजून गेलेला नाही. तरी मजला त्यांनाच.

कलम ५. मी गेल्यास दुसऱ्या दिवशी शाळा नेहमीच्या वेळी उघडावी. अचानक सुट्टी या मुलांना सोसत नाही. माझ्या जागी कोण येणार हे त्यांना आधी दिसावे, म्हणून वन्संचा फोटो काढून ठेवला आहे. त्यात त्या हसत नाहीत. तसाच लावावा.

पुरवणी. वरील मजकूर वकिलांनी आज नणंदबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "वहिनी, मीही सत्तरीला आले. माझ्यानंतर भिंगरीचं काय?"

हाच प्रश्न मला महिनाभर छळतो आहे आणि मी तो कोणाजवळ बोलले नव्हते. वकील कागद आवरून उठले तेव्हा नणंदबाईंनी त्यांना दारात थांबवले आणि उद्या सकाळची वेळ मागून घेतली. त्यांनाही मृत्युपत्र करायचे आहे.

लिहून देणार: बालवाडीची बाई (सही)

साक्षीदार: १. आमचे डॉक्टर (सही) २. शेजारचे चष्मेवाले (सही)
नणंदबाईंना मिळकत मिळत असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही.

ठिकाण: शाळेची मागची खोली, मुले घरी गेल्यावर
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार