खुंट्यांची डोकी

२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विनंती फक्त तुलाच. घरात मी सध्या कुणाला विनंती करत नाही. बाबांना काही सांगायचं असलं की मी आईला सांगतो. ते शेजारीच बसून ऐकतात आणि उत्तरही आईलाच देतात. आई म्हणते, तिचं आता टपालखातं झालंय.

भांडण शेततळ्यावरून आहे. कॉलेज सोडून आलो तेव्हा बाबा म्हणाले होते की अर्धी का होईना, बांधकामाची विद्या पोटात आहे, तर तळ्याचा आराखडा तूच कर. नीट झालं तर शेत तुझ्या हाती, नाहीतर गुपचूप कॉलेजात परत. केला की मी आराखडा! लांबी, रुंदी, खोली, काठ ढासळू नयेत म्हणून बाजूंना दीडास एक उतार, गाळ अडवायला आधी एक छोटा खड्डा, जादा पाणी बाहेर काढायला सांडवा. जागा वरच्या कोपऱ्यात, कुंपणाला लागून. तळं उंचावर असलं की पाणी आपलं आपण उताराने शेतभर जाईल, पंप नको, डिझेल नको. यात चुकलं काय? बाबांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि म्हणाले की तळं खाली करायचं, ट्रॅक्टर रुततो तिथे. का, असं विचारलं तर म्हणे ट्रॅक्टरला विचार. मी पेन्सिल मोडली. त्यांनी दुसरी पुढे केली. याचाच मला जास्त राग आला.

कुंपणापलीकडे रोपवाटिका आहे, आठवत असेल. त्या शेजारच्या काकांची मुलगी आता तिथलं सगळं बघते. हे आपलं माहितीसाठी, तळ्याशी तिचा काही संबंध नाही. झारीने पाणी घालताना ती गुणगुणते, हेही माहितीसाठी. तिच्यापायी मी कॉलेज सोडलं असं आई म्हणते ते साफ खोटं आहे. कॉलेज मी कॉलेजपायीच सोडलं.

आराखडा सोबत आहे. तू नकाशे काढून पोट भरतेस, तेव्हा तुझा शब्द बाबा मानतील. मी बरोबर आहे एवढंच लिही, बाकी क्षेम नंतर विचार.

तुझा, सध्या तरी,
भडका

---

७ मे

चि. भडक्यास,
अनेक आशीर्वाद. त्यातला एक अकलेसाठी राखून ठेव.

आराखडा पाहिला. रेघा सुबक आहेत. आता राग गिळ आणि पुढचं वाच. पाणी उताराने खाली जातं हे तूच लिहिलंस, मग वरच्या कोपऱ्यात ते येणार कुठून? त्याच्या वर नुसता रस्ता आहे. पंपाने चढवणार असशील तर डिझेल वाचलं कसं रे? आणि तिथे सगळा मुरूम. लहानपणी तू तिथेच खड्डा करून कागदाची होडी सोडायचास, पाणी जिरून जायचं आणि तू होडीला लाथ मारायचास. खाली ट्रॅक्टर रुततो कारण पाणी धावत तिथे जातं आणि चिकण माती ते सोडत नाही. ट्रॅक्टरला विचार, असं बाबा म्हणाले ते खरंच आहे. त्यांना बोलता येत नाही नीट, तुला ऐकता येत नाही. छान जोडी जमली आहे.

आणखी एक. तळ्याच्या काठावर तू एक बाक दाखवला आहेस. त्या बाकाची पाठ तळ्याकडे आहे आणि तोंड कुंपणाकडे. आमच्या साहेबांनी हा आराखडा पाहिला (टेबलावर उघडा राहिला, माझा दोष नाही) आणि विचारलं की तळं पाण्याचं आहे की कुणाच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं.

मी बोलले ते खोटं ठरवायचं असेल तर कोपऱ्यात खड्डा खण, काठोकाठ भर आणि सकाळी जाऊन बघ. नंतर हवा तेवढा आरडाओरडा कर.

आईला नमस्कार, टपालखात्यालाही.

तुझ्यावर रागावण्याचा हक्क जपून असलेली,
ताई

---

१३ मे

ती. ताईस,
नमस्कार. साष्टांग नाही, अंग रागाने कडक झालंय.

तुझ्या साहेबांना सांग की स्वतःच्या टेबलाकडे बघा. खड्डा खणला. पाइप लावून काठोकाठ भरला. सकाळी खडखडीत. एखाद्या भेगेत गेलं असेल, त्यावरून सगळा कोपरा नालायक ठरत नाही.

पण ते राहू दे. ऐक, काय झालंय. मी कोपऱ्यात माझ्या हाताने खुंट्या ठोकल्या होत्या. आपल्या घरात ज्याने खुंटी ठोकली त्यानेच ती उपटायची, हा आजोबांपासूनचा नियम. बाबांनी आजवर माझ्या वांग्यांच्या ओळीचीसुद्धा खुंटी हलवली नव्हती. खड्ड्याच्या दुसऱ्याच दिवशी बघतो तर कोपरा मोकळा! आणि खाली, ट्रॅक्टर रुततो तिथे, चारी कोपऱ्यांना नव्या खुंट्या. चौकोन अगदी काटकोनात, भोवती नवीकोरी हिरवी सुतळी. तेवढ्यात बाबा बांधावर आले आणि म्हणाले की आता जागा बरोबर झाली. वर हसले! ताई, ते हसले!

मी काय बोललो ते लिहीत नाही. आई आत निघून गेली एवढ्यावरून समज. चोर म्हणालो, हेही म्हणालो की समोर बोलायची छाती नाही म्हणून पाठीमागून खुंट्या उपटतात. ते बांधावरचं गवत उपटत राहिले. शेवटी मी त्या सगळ्या खुंट्या उपटल्या आणि पुन्हा वरच्या कोपऱ्यात ठोकल्या. हातोडा तुटला. शनिवारी खोदाईचं मशीन येतंय. ते माझ्याच खुंट्यांमध्ये खणेल, नाहीतर मी तरी या घरात नाही.

आणि खड्डा भरला त्या दिवसापासून ती कुंपणाशी आलेली नाही. गुणगुणणंही नाही. जगच उलटलंय माझ्यावर.

माया उरली असेल तर उलट टपाली,
भडका

---

१४ मे

मायना घालणार होते. तुला आत्ता शोभेल असा सुचला नाही.

खुंट्या मी हलवल्या. तुझ्या बाबांना चोर म्हणालास ते कुंपणाच्या अलीकडे स्पष्ट ऐकू आलं. तुझं सगळंच ऐकू येतं.

आमचे वाफे तुमच्या कोपऱ्यापेक्षा हातभर खाली आहेत, हे तुला रोज दिसतं. रोज इकडेच बघत असतोस ना? तुझ्या खड्ड्यातलं पाणी मुरमातून झिरपून सकाळी माझ्या वाफ्यात निघालं. नुकती रुजलेली मिरचीची रोपं पाण्यात बसली आणि मुळापासून कुजली. नुसत्या खड्ड्याने ही दशा, तर तळं भरल्यावर काय होईल? आमची वाटिका भाताचं खाचर होईल. तुला सांगायला आले होते, पण तू तुझ्या आईंवर ओरडत होतास. मग तुझ्या बाबांकडून ऐकलेल्या जागी मीच खुंट्या ठोकल्या. सुतळी रोपं बांधायची आहे, परत हवी.

तुझ्या बाबांनी माझं नाव का घेतलं नाही ते मला माहीत नाही. तू विचार, आणि विचारताना मान खाली असू दे.

दुसरं. मला बघायला तळं कशाला खणायचं? तुमच्या बांधाला फाटक आहे, आमच्या बांधाला फाटक आहे. तिथून ये. येताना मातीचं घमेलं घेऊन ये, पिशव्या भरायच्या आहेत. आणि तो बाक आईंनी मला सांगितला. शरम वाटली. हसूही आलं, पण शरम जास्त.

रागातच,
कुंपणापलीकडची

---

१९ मे

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. या वेळी खरंच साष्टांग.

तिचं पत्र वाचलं आणि आधी तिचाच राग आला, मग तुझा, मग टपालवाल्याचा. मग कुणी उरलं नाही. बाबा गोठ्यात होते. मी सरळ जाऊन सांगितलं की खुंट्या तुम्ही हलवल्या नव्हत्या आणि मी वाट्टेल ते बोललो. ते दोर वळत राहिले. म्हणाले की त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, खुंट्या माझ्या नाहीत आणि त्यांच्याही नाहीत. कसं, असं विचारलं तर म्हणाले की माझी प्रत्येक खुंटी डोक्याशी फुटलेली असते, मी लाकूडसुद्धा रागावून ठोकतो. त्या खुंट्यांची डोकी शाबूत होती. मग मला सांगितलं का नाही, म्हणून मी परत चढलो. ते म्हणाले की माझा राग सोसायची त्यांना सवय आहे, त्या पोरीला नाही.

ताई, मला रडू आलं नाही. नाकात धूळ गेली.

शनिवारच्या आत जागा बदलायची होती. मी फाटकातून गेलो, घमेलं घेऊन. तिने पिशव्या भरायला लावलं. तिचे बाबा पेपरआडून बघत होते. तिने फक्त पिशव्या मोजल्या. संध्याकाळी मात्र सुतळी घेऊन खाली आली. बाबांनी नवा हातोडा माझ्या हाती दिला आणि बांधावर जाऊन बसले. पहिली खुंटी मी ठोकली, फुटली. बाबा खोकले. दुसरी तिने जमिनीत उभी धरली, हात तिथेच ठेवला आणि म्हणाली की आता मार, हवं तितकं रागावून.

चारही कोपऱ्यांना तिने असंच धरलं. मला अख्खी संध्याकाळ लागली. एकही डोकं फुटलं नाही.

मशीन आलं आणि गेलं. खाली चिकण मातीच लागली. नवा आराखडा सोबत आहे, सांडवा नीट बघ आणि चूक असेल तर कडक शब्दांत लिही. शेताचं काय ते बाबा बोलले नाहीत, पण हातोडा परत मागितला नाही. बाक काढून टाकला आहे. साहेबांना सांग.

तुझा लोभ या पत्रानंतरही टिकला तर मी ऋणी,
भडका