घोटलेली अक्षरं

शिरपूर,
ता. १० फेब्रुवारी १९३८

प्रिय रुख्मिणी,

मंगळवार, ता. ८ फेब्रुवारी, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. घड्याळ तुझ्याच वर्गातलं, म्हणजे चार मिनिटं मागेच असेल. अकोल्याहून येताना मी जऊळक्याला उतरले आणि इंद्रभान गाडीवान बैलांची दमणी जुंपेपर्यंत तुझ्या शाळेत डोकावले. सतरा मुली ओळीने बसून, ओलं फडकं आणि ओढ्यातले गोटे घेऊन, मी पाठवलेले पुठ्ठे घासत होत्या. अठ्ठेचाळीस पुठ्ठे, अठ्ठेचाळीस उठावाची अक्षरं. माझ्यासोबतची रुपाबाई कौतुकाने म्हणाली, “पाहा न बाई, कशा घासून राह्यल्या पोरी! आरशावानी चमकते आता.” चमकणारच. 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत सगळं सपाट झालं होतं.

आणि तू काय म्हणालीस? “बाई, तुमीच तं चिठ्ठीत लिहिलं, मुलींकडून अक्षरं रोज घोटून घे.” हो, लिहिलं. मी बत्तीस वर्षं मुलींकडून अक्षरं घोटून घेतली, तुझ्याकडूनही घेतली. तुझा 'ळ' दोन महिने घोटवला, तेव्हा तू दगड घेऊन आली नव्हतीस! घोटायचं म्हणजे बोट फिरवायचं, पुन्हा पुन्हा, हाताला वळण लागेपर्यंत. कागद घोटतात आणि अक्षरही घोटतात, हे मला मान्य आहे. पण शिक्षिका झालेल्या बाईला दोन्हींतला फरक कळू नये? वर तुझं म्हणणं, इन्स्पेक्टरीणबाई यायच्या होत्या आणि पुठ्ठे ओबडधोबड दिसत होते. अगं, ओबडधोबड होते म्हणूनच तर कामाचे होते.

तुला ते सोपं काम वाटलं असेल. कॉन्व्हेंटात सिस्टर अ‍ॅग्नेस भेटकार्डांवर उठावाची फुलं काढायच्या, तेव्हा लेपाचा विलायती डबा उघडायच्या आणि आम्ही मुली नुसत्या वास घ्यायचो. तसा डबा मला इथे कोण देणार? म्हणून घरीच करून पाहिला. आधी कणकेची खळ केली. उंदरांनी 'क' पासून 'म' पर्यंत एका आठवड्यात संपवलं. शिरपुरातले सर्वांत शिकलेले उंदीर माझ्याकडे आहेत. मग चिंचोके घेतले. भाजून, फोलं काढून, दिवसभर भिजवून, पाट्यावर बारीक वाटून शिजवले. त्यात खडूची वस्त्रगाळ पूड, बाभळीच्या डिंकाचं पाणी आणि कसर लागू नये म्हणून मोरचुदाची एवढीशी कणी. घोटून घोटून, हा घोटण्याचा तिसरा अर्थ, तोही लिहून ठेव, श्रीखंडाएवढं दाट झालं की फडक्याच्या पुरचुंडीला भोक पाडून पुठ्ठ्यावर अक्षर काढायचं. उन्हात ठेवलं तर तडकतं. सावलीत दोन दिवस लागतात. दिवाळीपासून मी हेच करत होते. रुपाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “आमच्या बाई बिनतेलाच्या कुरडया करून राह्यल्या.” हसू दे. मला ते पुठ्ठे परत हवे होते, आणि तसेच हवे होते.

तू विचारलंस, पहिलीच्या मुलींना पाटी-पेन्सिल असताना एवढा खटाटोप कायले? मी तरातरा निघून आले. तुझ्या दारात पायरीला अडखळले, त्यावर तुझ्या मुली हसल्या. तूही हसलीस. पायरी मला दिसली नव्हती, रुख्मिणी.

अकोल्याच्या डॉक्टरांनी त्याला काचबिंदू म्हटलं. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. उजवा डोळा गेल्यात जमा आहे, डाव्याला ते येत्या दिवाळीपर्यंतची मुदत देतात. ही तिसरी खेप होती. पहिल्या खेपेनंतर मी चिंचोके भाजायला घेतले. पुठ्ठ्यावर बोट फिरवून, डोळे बांधून, मी अठ्ठेचाळीस अक्षरं पुन्हा शिकले. साठाव्या वर्षी 'ळ' मलाही जड गेला, हे तुला सांगायला हरकत नाही. पण वाचणारी तयार झाली तरी लिहिणारी कोण? रुपाबाईला अक्षर येत नाही. आलेलं पत्र पोस्टमनकडून चव्हाट्यावर वाचून घेणं मला जमणार नाही. म्हणून पुठ्ठे तुझ्याकडे पाठवले. तुझ्या मुलींच्या बोटांना ती सवय लागावी, त्यांच्यातल्या एखादीने, खरं म्हणजे तू, या लेपात लिहायला शिकावं, एवढंच मनात होतं. चिठ्ठीत हे लिहायला मला लाज वाटली आणि मी 'घोटून घे' लिहिलं. तेवढी चूक माझी. उरलेली तुझी.

तेव्हा लेखी उत्तर हवं. तू मला अशी पत्रं लिहिशील की नाही? हो किंवा नाही, एकाच शब्दात. लेपाची कृती वर दिलीच आहे. शाईचं उत्तर मी उत्तर मानणार नाही. सोमवार, ता. २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत ते इंद्रभानच्या दमणीतून माझ्या हातात पडलं पाहिजे. वाळायला दोन दिवस लागतात, हे धरून चाल. मी ते डोळे मिटून वाचणार आहे. आणि कृपा करून, पाठवण्याआधी घोटू नकोस.

तुझीच, अजून रागातच असलेली,
सोजरबाई